मिशीवरची हळद

पंचूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो मिशीचा. लिहायला लाज वाटते, पण दीड महिना झाला, आता लिहून टाकतो. सकाळी साडेसहाला मामीचा फोन. “किट्टू, मामा उठले नाहींत.” एवढंच. रडणं नाही, हाक नाही. मी “आलोच” म्हणालो, स्कूटर तिरकी करून चार किका मारल्या, आणि पाचव्या किकेला लख्ख आठवलं, की आता मामांचा मुलगा रघू अमेरिकेहून येणार, देव्हाऱ्यातला टाक त्याच्या हातात जाणार, तो टाक धुणार, आणि मिशी दिसणार. सख्खा मामा गेलाय आणि पन्नाशीचा भाचा मिशीची काळजी करत गल्ल्या तुडवतोय… वाटेत मी स्वतःला दोनदा शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा घालायच्या आत घर आलं. मामा कुशीवर झोपल्यासारखे होते, चष्मा उशाशी नीट मिटून ठेवलेला. मग मात्र मिशी विसरलो. तीन दिवस विसरलो.

मिशी कुणाची ते सांगतो, पण आधी मामा कोण ते सांगायला हवं. आम्ही तंजावूरचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी फौजेमागून आलेल्या कारकुनांची पोरं. मराठी बोलतो, पण भांडण रंगात आलं की तमिळमध्ये उतरतो आणि हिशेब चुकला की इंग्रजीत. देवनागरी वाचणारे आमच्यात हाताच्या बोटांवर. मला येतं, कारण विमा कंपनीच्या नोकरीत सहा वर्षं पुण्यात काढली. तिथल्या लोकांनी माझ्या मराठीला हसून हसून ते सुधारलं. मामांचं मात्र शेवटपर्यंत जुनंच राहिलं. “केलें”, “गेलें”, “आलें”. एखादं दानपत्र वाचून दाखवल्यासारखं. माझ्या आईचे ते धाकटे भाऊ, पंचनदराव. तिरुवैयारुला जन्मले म्हणून तिथल्या देवाचं नाव ठेवलेलं, आणि मोठे होऊन देवच नाही म्हणाले. देवाचं नाव लावून देव नाकारणारा माणूस, असं मी त्यांना चिडवायचो. ते म्हणायचे, “नांव बापानें ठेवलें, मत मीं ठेवलें. दोन्ही आपापल्या जागीं.”

मामा तरुण होते तेव्हा तंजावूरच्या प्रत्येक नाक्यावर देवाविरुद्ध सभा व्हायच्या. काळे सदरे, कंदील, कर्णा. आजोबा दुपारी सोवळ्यात वैश्वदेव करायचे आणि संध्याकाळी त्यांचा मुलगा सभेत पहिल्या रांगेत. एके दिवशी मामा घरी आले, शेंडी कापलेली, आणि गळ्यातलं जानवं काढून त्यांनी दाराजवळ छत्रीच्या खिळ्याला अडकवलं. सगळ्यांना वाटलं आता आभाळ कोसळणार. पुढच्या श्रावणीला आजोबांनी नवं जानवं केलं आणि त्याच खिळ्याला लटकवलं. त्याच्या पुढच्या श्रावणीला आणखी एक. आजोबा गेले तेव्हा त्या खिळ्याला अकरा जानवी होती, आणि छत्री ठेवायला जागा नव्हती. मामा म्हणायचे, “माझ्या बापाशीं माझा एवढाच वाद झाला. एक खिळा.” ती अकरा जानवी मामांनी फेकली नाहीत. छत्रीसाठी दुसरा खिळा मारला.

आजीचा वाद आजोबांपेक्षा छोटा आणि जास्त धारदार. मरणाच्या आदल्या दिवशी तिनं मामांना जवळ बोलावलं आणि म्हणाली, “देवांना मानूं नकोस. पाणी मात्र घाल.” मामांनी शब्द दिला. आणि मग चाळीस वर्षं, ताप असो, संप असो, मुलाची परीक्षा असो, या नास्तिक माणसानं रोज सकाळी आंघोळ करून कुलदैवताच्या टाकाला पाणी घातलं, फूल ठेवलं, दिवा लावला आणि तो ऑफिसला गेला. मंत्र नाही, संकल्प नाही, नमस्कारसुद्धा नाही. सहा मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलंय. एकदा मी विचारलं, “मामा, हे ढोंग नव्हे का?” ते दिव्याची वात पुढे सारत म्हणाले, “घरांत एक म्हातारें माणूस असतें. त्याच्याशीं आपलें पटत नाहीं. म्हणून काय त्याला आंघोळ घालायची नाहीं, मडय्या?” मडय्या म्हणजे तमिळमध्ये मूर्ख. मामांकडून मला तो शब्द इतक्या वेळा मिळाला की माझं दुसरं बारसंच झालं म्हणा.

त्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात. कावेरीच्या कालव्यांवर दगडी पट्ट्या असतात, फुटाच्या खुणा केलेल्या. त्या रोज वाचायच्या आणि वहीत आकडा लिहायचा. पाणी चढलं तरी तेवढ्याच अक्षरात, उतरलं तरी तेवढ्याच. नव्वदीनंतर तंजावुरात जे काही सुरू झालं तेही त्यांनी तसंच पाहिलं. घराघरात रंगीत टीव्ही आले, टीव्हीत देव आले. प्रदोषाला मोठ्या देवळात पूर्वी वीस माणसं असायची, आता नंदीला दुधाचे हंडे घेऊन रस्त्यापर्यंत रांग. कुंभकोणमकडे एका दिवसात नऊ ग्रह दाखवून आणणाऱ्या बसा सुटायला लागल्या, व्हिडिओ आणि दोन वेळच्या जेवणासकट. आमचे भटजी सायकलवरून मोपेडवर आले. ज्या नाक्यावर मामांनी तरुणपणी सभा ऐकल्या तिथं एक पिल्लैयार, म्हणजे आपला गणपती, बसला. आणि त्याच्या वर्गणीच्या यादीत त्याच सभांमधल्या दोन वक्त्यांच्या मुलांची नावं होती. मी अगदी पेटून विचारलं, “मामा, तुमची चळवळ वाहून गेली की हो!” ते म्हणाले, “चढलें तर चढलें लिहायचें, उतरलें तर उतरलें. कां चढलें तें वरच्या धरणाला विचार.”

माझं स्वतःचं म्हणाल तर माझी श्रद्धा रक्तदाबाबरोबर वरखाली होते. तीन गुरू करून झाले, एक अंगठी, एक उपास. त्यामुळे पुढं जे घडलं त्यात धर्माचा दोष नाही, माझाच आहे.

मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनला मदुरैला जायचं ठरलं, मामी सोबत. बारा दिवस. घराची किल्ली माझ्याकडे आणि देवांना पाणी घालण्याचं काम माझ्याकडे. निघताना मामा पायरीवर थांबले आणि म्हणाले, “किट्टू, पाणी, फूल, दिवा. डोकें वापरूं नकोस.”

तीन दिवस मी डोकं वापरलं नाही. चौथ्या दिवशी टाक हातात घेऊन खिडकीपाशी गेलो. आमचं कुलदैवत खंडोबा. घोड्यावर बसलेला, तळहातापेक्षा लहान चांदीचा पत्रा. मूळपुरुषानं म्हणे कमरेला बांधून आणलेला. आणि त्यावर चेहराच नव्हता! तीनशे वर्षं चिंच आणि राखेनं घासून घासून देवाचं तोंड पार सपाट झालेलं, घोडा म्हणजे एक उंचवटा, तलवार म्हणजे एक ओरखडा. मला गहिवरून आलं. अडीच महिन्यांवर चंपाषष्ठी. मनात आलं, मामीला नव्या मुखाचा खंडोबा देऊन चकित करावं. गहिवर आणि कल्पना या दोन गोष्टी माझ्यात एकदम आल्या की आसपासच्यांनी दूर व्हावं, हे माझी बायको लग्नानंतर महिन्याभरात शिकली होती. दुर्दैवानं त्या दिवशी ती माहेरी पापनाशमला होती.

आमच्या गावात पितळी ताटांवर चांदीचे देव ठोकून बसवतात, पाहुण्यांना भेट द्यायची ती तंजावूर ताटं. त्यातला एक जुना आचारी, म्हणजे कारागीर, मला माहीत होता. त्याच्यापुढे टाक ठेवला. त्यानं तो उलटासुलटा केला आणि विचारलं, “कोण हे, सार?”

आता पंचाईत. खंडोबा तमिळमध्ये कसा सांगायचा? मी म्हणालो, “आमचा देव. घोड्यावर बसतो.”

“बरं.”

“हातात तलवार. दोन बायका. बरोबर कुत्रा.”

आचाऱ्याचा चेहरा उजळला. “मग असं सांगा ना, सार! अय्यनार!”

अय्यनार म्हणजे इथला गावकुसावरचा राखणदार. शेताच्या कडेला पुरुषभर उंचीचे मातीचे घोडे उभे करतात, ते त्याचे. त्यालाही तलवार, त्यालाही दोन बायका. मी घाईनं म्हणालो, “अय्यनार नव्हे, आमचा वेगळा. महाराष्ट्रातला.”

“तिकडं गेला असेल, सार. घोडा आहे त्याच्याकडं.”

मी “जरा जपून” म्हणालो आणि समोर कॉफी प्यायला गेलो. कॉफीबरोबर रवा डोसा घेतला. डोसा तयार होईपर्यंत वाट पाहिली. परत आलो तेव्हा काम संपलं होतं. ठोकताना खाली घट्ट धरायला लावलेल्या राळेवरून सुटलेला टाक लखलखत होता. त्यावर बटबटीत डोळ्यांचा एक गृहस्थ, पुढचे दोन्ही पाय उचललेल्या, शेतातल्या त्या मातीच्या घोड्यांसारख्या घोड्यावर, आणि त्याला मिशी. खंडोबालाही मिशी असते, मान्य. पण ती घरंदाज मिशी. ही कानापर्यंत जाऊन दोन वेढे घेऊन परत फिरलेली, ऊस चोरणाऱ्यानं लांबूनच ओळखावी अशी.

“एवढी मिशी?” मी कसंबसं म्हणालो.

“मिशी नसली तर घोडा ऐकेल का, सार?”

आठ दिवस मी त्या मिशीला पाणी घातलं. चिंचेनं घासून पाहिली, राखेनं घासून पाहिली, ती आणखीच चमकली. शेवटी एका गोष्टीवर भिस्त ठेवली: मामांना दिसत नाही. आणि मग घरी परतताना माझ्या लक्षात आलं, की ते मदुरैला नेमकं त्याचाच बंदोबस्त करायला गेलेत.

ते आले. डोळ्यावर हिरवी झापड. मी किल्ली दिली आणि पळालो. एक महिना गेला, दोन महिने गेले. झापड निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला, मामा वर्तमानपत्रातल्या बारीक जाहिराती वाचू लागले. चंपाषष्ठीला भीत भीत जेवायला गेलो. देव्हाऱ्याकडे चोरून पाहिलं तर काय, टाकावर हळदीचा हा जाड थर! घोडा नाही, डोळे नाहीत, मिशी नाही. नुसता पिवळा गोळा. वर फूल. मामा शांतपणे वांग्याचं भरीत कालवत होते. चाळीस वर्षांत या माणसानं देवाला चिमूटभर हळद लावली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. आणि लगेच, सवयीप्रमाणे, मला कल्पना सुचली. मामा बदलले! म्हातारपण, ऑपरेशन, मृत्यूची चाहूल… नास्तिक परत फिरला. दर भेटीला हळद तशीच, उलट ताजी. मी ही बातमी सगळ्या नात्यागोत्यात पसरवली. पापनाशमच्या एका लग्नात तर मी पंगतीत उभा राहून, पिढ्यांची श्रद्धा कशी ओसरते आणि पुन्हा कशी भरून येते, यावर रसम निवेपर्यंत बोललो. चारपाच म्हाताऱ्यांनी जाऊन मामांचे हात हातात घेतले. मामा हात धुवायला आले तेव्हा माझ्याजवळ थांबले. “किट्टू,” ते म्हणाले, “माझी पट्टी वाचायला तुला कोणीं नेमलें?” बस. खुलासा नाही, इन्कार नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. मी रघूला पत्र लिहिलं.

रघू मामांचा एकुलता एक मुलगा. मामांनी त्याची मुंज केली नाही. पोरगा बिनजानव्याचा वाढला, गणितात हुशार निघाला, बेंगळुरूला कॉम्प्युटरवाल्या कंपनीत लागला, आणि येणाऱ्या दोन हजार सालाच्या धास्तीनं अमेरिकेनं आमच्या गल्लीतली अर्धी पोरं बोलावून घेतली त्यात तोही गेला. तिथं गेल्यावर तो धार्मिक झाला. साधासुधा नव्हे. तिशीत स्वतःच्या पैशानं स्वतःची मुंज करून घेतली, घरात पूजेची खोली केली, फोनवर बापाशी भांडू लागला. मी एकदा समोरच होतो. रघू तिकडून इतक्या मोठ्यानं बोलत होता की फोनची गरज नव्हती. “अप्पा, तुम्ही संकल्प न करता पूजा करता. ती पोचत नाही.”

मामा म्हणाले, “कोठें पोचायची आहे? देव्हारा चार फुटांवर आहे.”

त्यावर रघूनं सहा महिने फोन फक्त आईला केला. बापानं आपल्या बापाला खिळ्यावर टांगलं, आणि मुलानं जणू तीच जानवी उतरवून परत गळ्यात घातली, असं ते घर. माझ्या पत्रानं हे भांडण मिटलं. मी लिहिलं होतं: अप्पा बदललेत, रोज देवाला हळद लावतात, डोळ्यांत पाणी असतं. (पाणी होतं. मोतीबिंदूनंतर त्यांचे डोळे झरायचे.) रघूचा फोन आला. बापलेक वीस मिनिटं बोलले, क्रिकेटवर आणि पावसावर. त्यानंतर दर रविवारी बोलत राहिले, सात वर्षं. तेव्हा मला माझा अभिमान वाटला होता, हेही कबूल करतो.

तर आता तुम्हाला कळलं असेल की मामा गेले त्या सकाळी किका मारताना मला मिशी का आठवली. टाकावरची हळद निघाली असती तर माझी मूर्खता उघडी पडली असती, ते सोडा. माझी मूर्खता उघड्यावरच राहते. पण रघूला आपला बाप शेवटी देवाकडे आला असं वाटत होतं, आणि ते माझ्या पत्रामुळे. मिशी दिसली की रघू विचारणार, हे कुणी केलं, कधी, आणि अप्पांना कळलं कसं नाही. आणि एका प्रश्नामागून दुसरा, असं करत तो त्या पत्रापर्यंत पोचणार.

रघू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. मामांना तोवर बर्फावर ठेवलं होतं. त्यानं सगळं यथासांग केलं. मामांनी आपल्या विधींबद्दल काही सांगून ठेवलं नव्हतं. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले होते, “जिवंतपणीं माझें मत कोणीं विचारलें? मेल्यावर तरी विचारूं नका.” अस्थी तिरुवैयारुला नेल्या. उन्हाळ्यातली कावेरी, म्हणजे वाळू. घाटाच्या पायऱ्या उतरून पाव मैल चालल्यावर घोट्याएवढं पाणी लागलं, त्यात रघूनं मडकं सोडलं. जवळच मामांची दगडी पट्टी कोरडी ठाक उभी होती. मी उगीचच तिचा आकडा पाहिला. शून्य. मामांनी तेवढ्याच अक्षरात लिहिला असता.

रघूला तेरा दिवस सुतक. देवाला त्याचा हात लागायचा नाही. मी बहिणीचा मुलगा, वेगळ्या गोत्राचा, मला तीनच दिवस. त्यामुळे चौथ्या दिवसापासून टाक माझ्या वाट्याला आला. मामी देव्हाऱ्यापाशी पाट मांडून म्हणाली, “पाणी, फूल, दिवा. हळद आहे तशी असूं दे. डोकें वापरूं नकोस.” मला वाटलं, नवऱ्याचं वाक्य आहे म्हणून म्हणतेय. मी हळदीच्या कडेकडेनं पाणी घातलं.

चौदाव्या दिवशी रघूनं बॅग भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. टाक तो नेणार हे ठरलेलंच. तिकडच्या गुरुजींनी मुहूर्त काढला होता, रेशमी वस्त्र आणलेलं होतं. “किट्टूअण्णा,” तो म्हणाला, “तुमचं ते पत्र मी पाकिटात ठेवतो, माहितीय? अप्पा शेवटी आले. मला तेवढं पुरे.” मग टाक उचलून न्हाणीकडे निघाला. “हळद धुवून नेतो. विमानतळावर कसलीही पावडर दिसली की ते लोक घाबरतात.”

“थांब,” मी म्हणालो.

आणि सगळं सांगितलं. खिडकी, गहिवर, आचारी, डोसा, मिशी. सांगताना माझ्या सवयीनं ते विनोदी होत गेलं, आणि रघू हसत नव्हता. त्यानं अंगठ्यानं हळद पुसली. मिशी निघाली. तो तिच्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे अप्पांची ही हळद…”

उत्तर मामीनं दिलं. ती दारात उभी होती, केव्हापासून कोण जाणे.

“मिशी मीं पहिल्याच दिवशीं पाहिली,” मामी म्हणाली. “ऑपरेशननंतर त्यांना खालीं वाकायचें नव्हतें. महिनाभर पाणी मींच घालत होतें. घरीं आलें, टाक उचलला, आणि अय्यो! हा कोण माझ्या घरांत? किट्टूचें काम, लगेच कळलें. पण ह्यांना दिसलें तर हे जन्मभर हसतील, तुझ्या देवाला मिशी फुटली म्हणून. मग मीं हळद थापली.”

“आणि अप्पा?”

“महिन्यानें झापड निघाली. त्यांनीं टाक धुतला. मी स्वयंपाकघरांतून पाहत होतें. धुतला, बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. मग हळदीचा डबा घेतला आणि तसाच थर लावून ठेवला. मला वाईट वाटेल म्हणून. दोन वर्षें, मला ठाऊक आहे हें मीं त्यांच्यापासून झांकलें, त्यांना ठाऊक आहे हें त्यांनीं माझ्यापासून.” मामी जराशी हसली. “एकदा हळद संपली, दोघेंही एकदम म्हणालों, हळद आणायला हवी. मग बसून हसलों. मी म्हटलें, किट्टूला सांगूं या, घाबरून असेल बिचारा. तर म्हणाले, नक्को. कळलें तर परत नीट करायला नेईल.”

इथं मी हसायला हवं होतं. पण हसू आलं नाही.

रघूनं आमच्या भटजींना फोन लावला. त्यांनी तीन मिनिटांत सांगितलं की मुख बदललं म्हणजे देवत्व गेलं, टाक कावेरीत सोडा, नवा करून घ्या.

“आधीं कावेरींत पाणी आहे कां बघ,” मामी म्हणाली.

“आई, चेष्टा नको. अप्पा मानत होते की नव्हते?”

“नव्हते.” मामीनं जराही वेळ घेतला नाही. “तुझ्या आजीला शब्द दिला होता, म्हणून पाणी घालत होते. तूं मानतोस. मानतोस तें चांगलें. पण तुझ्याकडे देवाला पाणी किती दिवस पडतें?”

रघू खरं बोलणारा मुलगा आहे, बापाचा तेवढा गुण आलाय. म्हणाला, “शनिवार-रविवार. बाकी दिवस सातला निघावं लागतं.”

“मग तूं नवा कर. त्याची मांडणी, मुहूर्त सगळें कर. हा इथें राहील. ह्याला रोजची सवय आहे.”

कोण हरलं, कोण जिंकलं, मला सांगता येणार नाही. रघूला राग आला होता का? आला असावा. माझ्याशी त्या दिवशी तो जेवणापुरतंच बोलला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला गेलो तर तो आंघोळ करून पाटावर बसलेला. मी दारातच थांबलो. त्यानं टाक चिंचेनं घासला, पाणी घातलं, पुसला, फूल ठेवलं, दिवा लावला. मंत्र म्हटला नाही. मी घड्याळ पाहिलं. त्याला नऊ मिनिटं लागली. सवय नाही ना. स्टेशनवर गाडी हलताना खिडकीतून म्हणाला, “अण्णा, पत्र मी फेकणार नाही.”

मामीला खाली बसलं की उठवत नाही, गुडघे गेलेत. म्हणून आता रोज सकाळी ऑफिसच्या वाटेवर मीच जातो. दाराशी त्या खिळ्यावर आजोबांची जानवी अजून आहेत, धुळीनं तपकिरी झालेली. मी छत्री दुसऱ्या खिळ्याला अडकवतो. हळद आता लावत नाही, आता झाकायचं कुणापासून? बटबटीत डोळ्यांचा तो गृहस्थ माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो. तो कोण, याचा निकाल मी लावलेला नाही. माझी श्रद्धा या आठवड्यात खाली आहे, रक्तदाब वर आहे.

परवा मामीनं आणखी एक गोष्ट सांगितली. कॉफीचा पेला माझ्यापुढे ठेवत सहज बोलल्यासारखी म्हणाली, “त्यांनीं हिशेब केला होता. मागचें तोंड जायला तीनशें वर्षें लागलीं. ही मिशी मात्र उथळ ठोकलेली आहे, रोज घासली तर दीडशांत जाईल, म्हणाले. तोंवर हळद.”

दीडशे वर्षं! देव न मानणारा माणूस, आणि पुढची दीडशे वर्षं कुणीतरी रोज पाणी घालेल हे त्यानं धरूनच ठेवलेलं… मी कॉफी संपवली आणि पाटावर जाऊन बसलो. पाणी, फूल, दिवा. डोकं वापरत नाही. फक्त चिंच लावताना माझा अंगठा मिशीवरून जरा जोरात फिरतो.